शिट्टीचे मर्म

लग्नाचा मांडव असो की गणेशोत्सवाचा, एक प्रसंग ठरलेला असतो. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहतात, माईक तोंडाजवळ ओढतात आणि पहिला शब्द फुटायच्या आत कर्ण्यातून अशी काही कर्कश शिट्टी उठते की पुढच्या रांगेतल्या आजीबाई कानांवर हात ठेवतात. मांडववाल्याचा पोऱ्या धावत येतो, माईक कर्ण्यासमोरून बाजूला सरकवतो, एक बटण किंचित मागे फिरवतो आणि शिट्टी थांबते. काय झाले होते असे त्याला विचारले, तर तो सांगतो की माईकला कर्ण्याचा आवाज ऐकू येत होता. याहून सोपा खुलासा कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळायचा नाही.

कर्ण्यातून बाहेर पडलेला आवाज माईकमध्ये परत शिरतो, ॲम्प्लिफायर तो आणखी मोठा करतो, तो पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि पापणी लवायच्या आत बोलणाऱ्याची गरजच उरत नाही. यंत्र आपले आपणच गाऊ लागते. शास्त्राच्या पुस्तकात याला आंदोलन म्हणतात. या आंदोलनाचा मोर्चाशी संबंध नाही, झोपाळ्याशी आहे. झोपाळा मागे आला की नेमक्या वेळी हलका धक्का द्यावा, म्हणजे तो थांबत नाही, तसेच हे.

जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरांवर अजूनही जीव टाकणारी हौशी रेडिओवाली मंडळी जगभर आहेत. त्यांना हॅम म्हणतात. ही मंडळी या शिट्टीशी जन्मभर झुंजत असतात. फरक इतकाच की त्यांच्या यंत्रातली शिट्टी सेकंदाला लाखो-कोटी कंपनांची असते, म्हणून ती कानाला ऐकूच येत नाही. एखादा व्हॉल्व्ह जळाला, शेजाऱ्याच्या टीव्हीवर पट्टे उमटले, की मग कळते. या शिट्टीला सगळ्यांनी खोड मानले. ती खोड नसून शक्ती आहे हे ज्याने समजून घेतले आणि सिद्ध करून दाखवले, तो माणूस स्वतः एक हौशी पोरगाच होता. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे त्याचे नाव. चंद्रावर उतरलेल्या आर्मस्ट्राँगशी त्याचे केवळ आडनाव जुळते.

त्याचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील पुस्तक प्रकाशनाच्या व्यवसायात, आई शिक्षिका. लहानपणी त्याला संधिवाताचा ताप आला आणि त्यातून उठताना खांदा व चेहरा मधूनच झटका देऊन हलायची सवय लागली, ती शेवटपर्यंत गेली नाही. दोन वर्षे शाळा बुडाली. पोरगा एकलकोंडा झाला. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या यॉन्कर्स गावी राहायला गेले. तिथल्या माळ्यावरच्या खोलीत तारा, कॉइली आणि बॅटऱ्या यांच्यात त्याचे राज्य सुरू झाले. वडिलांनी आणून दिलेल्या संशोधकांच्या गोष्टींच्या पुस्तकाने त्याच्या डोक्यात एकच खूळ भरवले होते. आपणही शोध लावायचा. एरियलसाठी त्याने अंगणात सव्वाशे फुटी खांब उभारला आणि दोरीच्या पाळण्यात बसून तो एकटाच त्याच्या टोकापर्यंत चढत असे. उंचीची भीती हा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता.

कोलंबिया विद्यापीठात तो इंजिनिअरिंग शिकायला गेला तो मोटारसायकलवरून. लाल रंगाच्या त्या गाडीचे नाव ‘इंडियन’ होते, एवढाच काय तो त्याच्या तरुणपणाचा आपल्याशी संबंध! विद्यार्थी म्हणून तो फारसा सोयीचा नव्हता. प्राध्यापकाने सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी, हे त्याला पटत नसे. स्वतः मोजून पाहायचे, मग मानायचे.

त्या काळी रेडिओच्या जगात ऑडियन नावाचा एक काचेचा दिवा आला होता. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने १९०६ साली तो बनवला. आत तापणारी तार, तिच्यासमोर धातूची प्लेट आणि दोघांमध्ये बारीक तारेची ग्रिड. हाच पुढे तीन टोकांचा व्हॉल्व्ह म्हणून घराघरांत पोचला. गंमत अशी की तो नेमका कसा चालतो हे खुद्द बनवणाऱ्यालाही नीट सांगता येत नव्हते. आर्मस्ट्राँगने तो मोजायला घेतला. ग्रिडवर इवलासा दाब बदलला की प्लेटच्या प्रवाहात मोठा फरक पडतो. धरणाच्या दाराची चावी बोटभर फिरवावी आणि कालव्याचे पाणी हातभर चढावे, तसे. मग १९१२ सालच्या उन्हाळ्यात त्याच्या मनात आले की प्लेटकडून निघालेल्या या मोठ्या लहरीतला थोडा हिस्सा परत ग्रिडकडे वळवला तर? ती पुन्हा मोठी होईल, पुन्हा फिरेल, सेकंदात हजारो वेळा.

सप्टेंबरमध्ये त्याने जोडणी करून पाहिली. कानाला घट्ट लावून जेमतेम ऐकू येणारे दूरचे संदेश खोलीभर वाजू लागले. मध्यरात्री त्याने धाकट्या बहिणीच्या खोलीत धाव घेऊन तिला झोपेतून उठवले. बिचारीला काय झाले ते कळायला सकाळ उजाडली असेल.

पण खरी गोष्ट पुढे आहे. परत वळवलेला हिस्सा वाढवत गेले की आवाज मोठा होत जाई आणि एका टोकाला पोचल्यावर एकदम बिघडे. स्वच्छ सुराच्या जागी फुसफुस येई. दुसरा कोणी असता तर बटण मागे फिरवून गप्प बसला असता. आर्मस्ट्राँग त्या फुसफुशीच्या मागे लागला आणि त्याच्या लक्षात आले की या टोकापलीकडे व्हॉल्व्ह नुसता ऐकत नाही, तो स्वतः लहरी निर्माण करू लागतो. ऐकणारे यंत्र बोलणारे बनते. तोवर रेडिओलहरी निर्माण करायला कडाडणाऱ्या ठिणग्या किंवा खोली व्यापणारी अवजड जनित्रे लागत. आता ते काम टेबलावरचा एक दिवा करणार होता.

पेटंटसाठी त्याने वडिलांकडे पैसे मागितले. त्यांनी आधी पदवी घे म्हणून सांगितले. आपल्याकडच्या कोणत्याही बापाने तेच सांगितले असते. मग जोडणीची आकृती काढून ३१ जानेवारी १९१३ रोजी त्याने नोटरीसमोर ती साक्षांकित करून घेतली. ही तारीख लक्षात असू द्या. पेटंटचा अर्ज मात्र ऑक्टोबरमध्ये गेला, तोही फक्त ऐकण्याच्या यंत्रापुरता. लहरी निर्माण करण्याबद्दलचा अर्ज त्याने वेगळा आणि आणखी उशिरा केला. या विलंबाची किंमत त्याने पुढे वीस वर्षे मोजली.

कारण त्याच १९१२ च्या ऑगस्टमध्ये तिकडे कॅलिफोर्नियात डी फॉरेस्ट आणि त्याचे सहकारी टेलिफोनसाठी ॲम्प्लिफायर बनवत होते. एका जोडणीत त्यांच्या यंत्राने शिट्टी घातली. मदतनिसाने ते वहीत टिपले. त्यांच्या दृष्टीने ही ब्याद होती, कारण टेलिफोनवर बोलणाऱ्याला शिट्टी नको असते. म्हणजे आपल्या मांडवातला प्रसंग. आर्मस्ट्राँगचे पेटंट गाजू लागल्यावर डी फॉरेस्टने वहीतले ते पान पुढे केले आणि शोध आधी आपलाच असा दावा लावला. नको असलेली शिट्टी कानावर पडणे आणि ती का उठते, कशी वाढते, कुठे थांबवायची, कुठे वापरायची हे जाणणे, या दोन गोष्टी एकच की वेगळ्या? सगळा खटला या प्रश्नावर उभा होता.

दरम्यान पहिले महायुद्ध आले. आर्मस्ट्राँग सैन्याच्या संदेश विभागात दाखल होऊन पॅरिसला गेला आणि मेजर होऊन परतला. लोक त्याला जन्मभर मेजर म्हणूनच ओळखत. तिथे त्याच्यापुढे अडचण होती ती उंच कंपनांच्या लहरींची. व्हॉल्व्हमध्ये ग्रिड आणि प्लेट शेजारी शेजारी असतात. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेतूनही थोडी लहर मागे झिरपते. कंपने जितकी जलद, तितकी झिरप जास्त, आणि ॲम्प्लिफायर स्वतःच गाऊ लागतो. मेजरने १९१८ साली यावर वळसा शोधला. येणाऱ्या लहरीत घरच्या छोट्या व्हॉल्व्हने निर्माण केलेली दुसरी लहर मिसळायची. दोन्हींच्या फरकाइतकी एक संथ लहर मिळते. मोठे करायचे ते हिला, कारण संथ लहरीशी व्हॉल्व्ह शहाण्यासारखा वागतो. या पद्धतीला सुपरहेटरोडाइन असे लांबलचक नाव मिळाले. फ्रान्समधल्या ल्युसियाँ लेव्हीनेही याच सुमारास तीच वाट काढली होती आणि पेटंटाचा मोठा भाग शेवटी त्याच्याकडे गेला. तरी उपयोगात येण्याजोगे यंत्र घडवले ते मेजरने. आपल्या आजोबांच्या घरी कोनाड्यात, भरतकाम केलेल्या झाकणाखाली असलेला मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ याच जातीचा होता.

डिसेंबर १९२१ मध्ये हौशी मंडळींनी एक पैज मारल्यासारखी गोष्ट केली. मोठ्या कंपन्यांना लांबलचक लहरी आणि अवाढव्य केंद्रे लागत. हौशींच्या वाट्याला दोनशे मीटरच्या आसपासच्या, निरुपयोगी समजल्या गेलेल्या लहरी आल्या होत्या. आर्मस्ट्राँग आणि त्याच्या क्लबातल्या मित्रांनी कनेक्टिकटमधल्या ग्रिनिच गावी एका झोपडीवजा खोलीत केंद्र उभारले. एक व्हॉल्व्ह लहर निर्माण करणारा आणि त्याच्या पुढे तीन व्हॉल्व्ह एकत्र जोडून ती मोठी करणारे. समुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, थंडीपावसात तंबू ठोकून, पॉल गॉडली नावाचा हौशी ऐकत बसला होता. संदेश पोचला, तोही किलोवॅटभर शक्तीत.

ज्याने व्हॉल्व्ह एकत्र जोडून पाहिले आहेत त्यालाच या यशाचे मोल कळेल. निर्माण करणारा व्हॉल्व्ह गायला हवा, पण मोठे करणाऱ्यांनी गाता कामा नये, त्यांनी फक्त साथ द्यायची. आणि साथ देणाऱ्यालाच मध्येच ताना घ्यायची हुक्की येते! जुना ॲम्प्लिफायर माळ्यावरून काढून पुन्हा चालता करणाऱ्या हॅमची निम्मी रात्र यात जाते. युद्धानंतर स्वस्तात मिळणाऱ्या ८०७ या व्हॉल्व्हवर हॅमच्या एका पिढीने हात बसवला आणि या व्हॉल्व्हला गायची भारी हौस. लक्षणे ठरलेली. संदेश पाठवत नसतानाही प्लेटच्या मीटरचा काटा उडी मारतो, बटण जरा फिरवले की प्रवाह धक्क्याने बदलतो, कधी आत निळी ठिणगी चमकते.

अशा वेळी आधी झिरप शोधायची. प्लेटचा उच्च दाब पूर्ण बंद ठेवायचा, व्हॉल्व्हची तार तेवढी तापवायची आणि ग्रिडला लहर द्यायची. व्हॉल्व्ह काम करत नसताना प्लेटकडे काहीच पोचता कामा नये. तरीही तिथल्या कॉइलजवळ धरलेला छोटा दिवा लुकलुकला, तर लहर आतल्या आत झिरपते आहे. मग उलट्या दिशेने तेवढीच लहर ग्रिडला देणारा एक चिमुकला कंडेन्सर असतो, तो लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पेचकसाने हळूहळू फिरवायचा. एका जागी दिवा विझतो. तिथे तराजूची दोन्ही पारडी समान झाली. ही युक्ती १९२०च्या दशकात प्रसिद्ध केली ती लुई हेझल्टाइन या प्राध्यापकाने. त्याच्या न्यूट्रोडाइन रेडिओंनी तर मेजरच्या जुन्या पद्धतीच्या रेडिओंची खोडच जिरवली. ते रेडिओ चुकीच्या हाती पडले की स्वतः लहरी सोडत आणि सगळ्या आळीच्या रेडिओत शिट्ट्या वाजत. हेझल्टाइनने कॉइलसुद्धा ५५ अंशांच्या आसपास तिरप्या बसवल्या, म्हणजे एकीला दुसरीचे ऐकू जाऊ नये. माईक कर्ण्यासमोरून बाजूला सरकवणे ते हेच.

एवढे करूनही एक चोर उरतो. दोन-चार इंचांची जोडतार आपल्याला निव्वळ तार दिसते, पण फार जलद कंपनांना ती कॉइलच असते. त्या आडवाटेने व्हॉल्व्ह भलत्याच सुरात गाऊ लागतो, ज्याच्याशी आपल्या कामाचा संबंधही नसतो. त्यासाठी ग्रिडच्या अगदी पायाशी एक छोटा रेझिस्टन्स आणि प्लेटच्या टोपीजवळ दुसरा, ज्याच्यावर जाड तारेचे तीन-चार वेढे गुंडाळलेले असतात. कामाची लहर वेढ्यांतून सुखाने जाते. चोर लहरीला वेढे अडवतात, तिला रेझिस्टन्समधून जावे लागते आणि तिथे तिची उष्णता होऊन जाते. तारा आखूड, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या भागांमध्ये पत्र्याची भिंत, बाकी शहाणपण एवढेच. जुन्या यंत्रात हे रेझिस्टन्स वर्षानुवर्षे तापून किंमत बदललेले असतात. ते मोजल्याशिवाय व्हॉल्व्हला दोष देऊ नये. आणि हे सारे उच्च दाबाचे काम आहे. वीज बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेलेच असतात आणि ते माणसाला जिवंत सोडत नाहीत. आधी ते रिकामे करायचे, मग हात घालायचा.

मेजरकडे परत येऊ. १९२०च्या दशकात पेटंटांच्या विक्रीतून तो श्रीमंत झाला. आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीचे साठ हजार शेअर त्याच्याकडे आले. कंपनीचा डेव्हिड सारनॉफ हा त्याचा जुना मित्र. १९१४च्या जानेवारीतल्या एका कडाक्याच्या रात्री दोघांनी मिळून मेजरच्या यंत्रावर सातासमुद्रापलीकडची केंद्रे ऐकली होती. सारनॉफच्या सेक्रेटरी मॅरियन मॅकिनिस यांच्या प्रेमात पडल्यावर मेजरने १९२३च्या मे महिन्यात कंपनीच्या गगनचुंबी एरियल मनोऱ्यावर चढून कसरती केल्या आणि त्यांचे फोटो मॅरियनना पाठवून दिले. सारनॉफ संतापला. लग्न मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाले. नवरीला अहेर म्हणून त्याने सुपरहेटरोडाइनचा हातात नेता येईल असा रेडिओ बनवून दिला. समुद्रकिनाऱ्यावर त्या रेडिओसह बसलेल्या जोडप्याचा फोटो आजही पाहायला मिळतो.

खटल्यात सुरुवातीला मेजर जिंकला होता. डी फॉरेस्टकडे खर्च द्यायला पैसे नव्हते. तो माफ केला असता तर प्रकरण तिथेच मिटले असते. मेजरने माफ केला नाही. उलट पेटंटचा क्रमांक लिहिलेला झेंडा यॉन्कर्सच्या खांबावर फडकवला, डी फॉरेस्टला घरातून दिसावा म्हणून. मला या माणसाबद्दल कितीही आदर असला तरी हा पोरकटपणा त्याला भोवला असेच म्हणावे लागते. अंतिम हुकूमनामा न झाल्याने डी फॉरेस्टला पुन्हा उभे राहायला वाट मिळाली आणि १९३४ साली सर्वोच्च न्यायालयाने शोधाचे श्रेय डी फॉरेस्टला दिले. न्यायमूर्ती कार्डोझो यांच्यासारखा थोर कायदेपंडित, पण शिट्टी आणि रेडिओलहर यांतला फरक निकालपत्रात नीट उतरला नाही, असे बहुतेक इंजिनिअरांचे मत पडले.

त्या महिन्यात फिलाडेल्फियाला रेडिओ इंजिनिअरांचे अधिवेशन होते. याच संस्थेने १९१७ साली आपले पहिले सन्मानपदक मेजरला दिले होते, ते याच शोधासाठी. मेजर पदक परत करायला गेला. अध्यक्षांनी ते घ्यायला नकार देऊन सन्मान पुन्हा जाहीर केला आणि सभागृह उठून उभे राहिले. न्यायालयाने जे नाकारले ते त्याला हातांनी यंत्रे जोडणाऱ्यांनी दिले.

तोवर तो पुढच्या कामात बुडाला होता. विजा कडाडल्या की रेडिओत होणारी खरखर घालवायची. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला एफएमची पेटंटे मिळाली. लहरीची उंची कमीजास्त करण्याऐवजी तिच्या कंपनांचा वेग कमीजास्त करायचा. विजेची खरखर उंचीवर डल्ला मारते, वेगाचे फारसे बिघडवू शकत नाही. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत त्याने प्रात्यक्षिक दाखवले. प्रक्षेपण कुठून, तर यॉन्कर्सच्या एका हॅम मित्राच्या घरातून. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज, कागद फाडल्याचा आवाज, श्रोत्यांना तो शेजारच्या टेबलावरून आल्यासारखा वाटला.

सारनॉफला मात्र टेलिव्हिजन हवे होते. एम्पायर स्टेट इमारतीवरची यंत्रे मेजरला काढून न्यावी लागली. त्याने स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीत अल्पाइन येथे चारशे फुटांहून उंच मनोरा बांधला. युद्धात सैन्याला पेटंटे फुकट वापरू दिली. १९४५ साली सरकारने एफएमचा पट्टाच बदलला आणि लोकांनी घेतलेले काही लाख रेडिओ एका हुकमाने निकामी झाले. रॉयल्टीवरून आरसीएशी बिनसले होतेच. १९४८ मध्ये मेजर कोर्टात गेला. कंपनीच्या वकिलांनी त्याची जबानीच वर्षभर लांबवली. वकील, कागद, तारखा. पैसा संपत आला. १९५३च्या नोव्हेंबरमध्ये पैशावरून वाद झाला आणि त्या भरात त्याने शेकोटीची सळई उगारून मॅरियनच्या हाताला इजा केली. तीस वर्षांचा संसार. त्या बहिणीकडे निघून गेल्या.

३१ जानेवारी १९५४. नोटरीसमोर आकृती ठेवल्याला बरोबर ४१ वर्षे झाली होती. मेजरने पत्नीला क्षमा मागणारे पत्र लिहिले, अंगावर ओव्हरकोट, टोपी आणि हातमोजे चढवले आणि तेराव्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीतून त्याने स्वतःला खाली झोकून दिले. उंचीचे भय त्याला कधीच नव्हते.

खटले मॅरियननी चालू ठेवले. त्याच वर्षाअखेर आरसीएने दहा लाखांहून अधिक डॉलर देऊन तडजोड केली. बाकीच्या कंपन्यांशी एकामागून एक निकाल होत गेले. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ साली मॅरियनच्या बाजूने लागला. दहा वर्षांनी, १९७७ साली, मद्रासला आकाशवाणीचे एफएम सुरू झाले.

अल्पाइनचा मनोरा उभाच आहे. सप्टेंबर २००१ मध्ये जुळ्या मनोऱ्यांबरोबर न्यूयॉर्कच्या टीव्ही केंद्रांची एरियलेही कोसळली, तेव्हा त्यांतल्या काही केंद्रांनी मेजरच्या या मनोऱ्यावर आपली एरियले चढवली आणि तिथून प्रक्षेपण पुन्हा सुरू केले.